एक मीटर सळई, ६१० ग्रॅम

गोव्यात, वाळपईच्या आत उताराच्या जमिनीवर आम्ही घर काढलं. वर रस्ता, खाली कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. पाच-सहा फुटांचा उतार, म्हणून इंजिनिअरनं पाया तीन टप्प्यांत घेतला, दोन-दोन फुटांच्या पायऱ्यांचा. माझ्या आजोबांचं घर नुसत्या चिऱ्यांवर उभं होतं, त्यात लोखंडाचा तुकडा नव्हता. त्यामुळे असेल, पायाच्या सळ्यांकडे मी नीट बघितलंच नाही. ठेकेदार ओळखीतला, घरी चहाला येणारा. त्याचं नाव लिहीत नाही.

नकाशात १२ मिलीमीटरची सळई होती. शनिवारी इंजिनिअर आले, वरच्या टप्प्याची जाळी बघितली, टेप लावला, ठीक म्हणाले. खालच्या दोन टप्प्यांचं बांधकाम "उद्या-परवा" होतं. रविवारी आम्ही सगळे लग्नाला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर तिन्ही टप्प्यांत काँक्रीट ओतून झालेलं. ठेकेदार म्हणाला, "पाऊस येईल वाटलं बाब, मिक्सर मिळाला, म्हणून उरकून टाकलं." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

तरी मी गप्प बसलो. फोटो काढले होते ना! पण फोटोत १० ची सळई आणि १२ ची सळई सारखीच दिसते. सळईवरच्या नक्षीमुळे जाडी मोजायचा कॅलिपरही फसवतो. खरं बोलतं ते वजन.

आठवड्यानं झाडाखाली उरलेले तुकडे सापडले. त्यांच्या नक्षीत कुठेतरी १० हा आकडा होता. मग मी एक मीटर मोजून कापला आणि वाण्याच्या काट्यावर ठेवला. वाणी हसला, "आता लोखंड विकायला काढलं?" काटा ६१० ग्रॅमवर थांबला. १२ मिलीमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते, १० ची ६१७. हिशोब सोपा आहे : मिलीमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. कोणाच्याही मोबाइलवर होतो. बिल मात्र ६० सळ्यांचं, सगळ्या १२ च्या. खालच्या ४० सळ्यांत जवळजवळ १३० किलो लोखंड पायात गेलंच नव्हतं. ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो, "दोन मिलीमीटरनं काय होतंय?" दोन मिलीमीटरनं सळईचा छेद ११३ चौरस मिलीमीटरवरून ७८.५ वर येतो. जवळजवळ तिसरा हिस्सा गायब.

त्याहून वाईट पायरीत होतं. खालच्या टप्प्याच्या सळ्या पायरीपाशी वर वळवून, उभ्या चढून, वरच्या टप्प्यात दोनेक फूट आडव्या शिरायला हव्यात आणि तिथल्या सळ्यांना बांधायला हव्यात. १२ च्या सळईला साधारण ६०० मिलीमीटर लॅप, म्हणजे दोन सळ्या एकमेकींच्या शेजारी तेवढ्या लांबीत जायला हव्यात. आमच्याकडे बाजूची माती उकरून, इंजिनिअरच्या समोर पायरी फोडली तेव्हा आत एकही उभी सळई नव्हती. वरच्या सळ्या काठाला संपलेल्या, खालच्या हातभर अलीकडे. मध्ये नुसतं काँक्रीट, खडीच्या पोकळ्या दिसत होत्या. जाळी तर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या खपल्यांवर टेकवलेली. जांभा पाणी पितो. तळाला कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखालचे छोटे ठोकळे, लावून ५० मिलीमीटर जागा सोडायची असते, हे त्या पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं.

वरचा टप्पा कातळात बसलाय, खालचा मातीत. खालचा जरा जरी खचला तर भेग नेमकी त्या पायरीवर, आणि तिथून भिंतीत.

दोन्ही पायऱ्या ब्रेकरनं फोडून, जुन्या सळ्या उघड्या करून, नव्या जोडून पुन्हा भरल्या. नव्या फिटरच्या शेजारी मी काटा घेऊन बसायचो. तो वैतागला, पण बसू दिलं. काँक्रीट ओतायच्या आधी इंजिनिअरनं दोन्ही पायऱ्या बघितल्या, मग मिक्सर सुरू. दर भरण्याआधी हे होईपर्यंत एक रुपयाही पुढचा देऊ नका. मी सत्तर टक्के देऊन बसलो होतो, त्यातलं काही परत आलं नाही.

खालच्या बारीक सळ्या काढता आल्या नाहीत. इंजिनिअरनं पुन्हा हिशोब केला : तळमजला चालेल, वर मजला नको. मुलासाठी वरची खोली ठरली होती. ती कागदावरच राहिली.