क्रँकबेट की सॉफ्ट वर्म? बाससाठी एकच घ्यायचं असेल तर

क्रँकबेटवर, म्हणजे ओढलं की हेलकावत पाण्याखाली जाणाऱ्या, छोट्या माशासारख्या कडक नकली आमिषावर (लुअरवर) माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या नादाला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी तेच फेकत होतो आणि पहिला धड मासाही मला त्यावरच लागला. तरी आज कुणी ‘दोन्हींपैकी एकच घेणार’ म्हणालं, की माझं बोट सॉफ्ट वर्मकडे, म्हणजे त्या साध्या प्लॅस्टिकच्या गांडुळाकडे जातं.

वसंतात पाणी 10 अंश सेल्सिअसच्या पुढे सरकलं की बास खोलातून उथळाकडे निघतात आणि 15 ते 18 अंशांच्या आसपास अंडी घालायच्या तयारीला लागतात. त्याआधीच्या काही आठवड्यांत क्रँकबेटला तोड नाही. मासा भुकेला असतो, पण आहे कुठे ते माहीत नसतं. क्रँकबेटने तासाभरात जेवढा काठ चाळून होतो, तेवढा वर्मने दिवसभरात होत नाही. रंग तांबूस, क्रेफिशसारखा (गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या जिवासारखा) घ्यावा. पाणी थंड असताना फार हेलकावे न घेता बारीक थरथरणारं क्रँकबेट बरं. पुढे नर घरटं राखायला बसला की मी त्याला शक्यतो सोडून देतो. तो उचलला की अंडी-पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

उन्हाळ्यात चित्र पालटतं. मासे गवतात, बुडालेल्या ओंडक्यांच्या सावलीत शिरतात किंवा खोलात उतरतात. अगदी तळाला मात्र नाही, कारण मोठ्या तलावात खालच्या थंड थरात प्राणवायू कमी पडतो. क्रँकबेट किती खोल जाणार हे बरंचसं त्याच्या तोंडापुढच्या लिपवर, म्हणजे पुढे आलेल्या पट्टीवर ठरतं, त्यामुळे प्रत्येक खोलीला वेगळं लागतं. वर्मला पुढे गोळीच्या आकाराचं वजन लावा, हुकचं टोक वर्मच्याच अंगात लपवा, की झाला टेक्सास रिग. तो गवतातून सापासारखा सरपटत जातो. निक क्रीम यांनी 1949 साली प्लॅस्टिकचे वर्म बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून त्यांचे आकार शेकड्यांनी निघाले, पण गवतात मी अजून साधा सरळच वापरतो.

आता माझ्यापुरता निकाल ज्याने लावला, ते ट्रेबल हुक. क्रँकबेटला असे तीन टोकांचे दोन हुक, म्हणजे सहा टोकं. पानगळीच्या दिवसांतली एक संध्याकाळ. समोर बास छोट्या माशांचा थवा पृष्ठभागावर रेटत होते, पाणी नुसतं उकळत होतं. डबा उघडून एक क्रँकबेट उचललं, तर किल्ल्यांच्या जुडग्यासारखी पाच वर आली. एक सोडवलं की दुसरं अडकायचं. शेवटी एक सुटं झालं, ते माझ्या बाहीत. मान वर केली तेव्हा पाणी शांत झालं होतं. असं एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण जाळ्यात मासा घेतला की एक हुक त्याच्या तोंडात, दुसरा जाळीत, आणि मासा तडफडतोय. अशा वेळी अंगठा जपून पक्कड चालवणं मला कधी नीट जमलं नाही. काही जण ट्रेबल काढून एकेरी हुक लावतात. मीही लावून पाहिले, पण माझ्या हातात तरी लुअरची चाल बिघडली.

न्यायाने बोलायचं तर पानगळ अजूनही क्रँकबेटचीच आहे. बास छोट्या माशांमागे धावत असताना तळाशी वर्म रेंगाळत ठेवणं म्हणजे वरातीत झोपा काढणं. कडक हिवाळ्यात दोन्ही जेमतेमच. त्यातल्या त्यात वर्म, कारण तो एकाच जागी पडून राहू शकतो.

वर्मचा दोष म्हणजे तो शिकायला वेळ लागतो. क्रँकबेटवर मासा स्वतःच धडकतो. वर्मवर कधी हलकीशी ‘टक’ येते, कधी तीही नाही, नुसती लाइन बाजूला सरकते. तेव्हा रॉड खाली घ्यायचा, ढील आवळायची, मग जोरात झटका. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. शिवाय दोन-तीन माशांत वर्म फाटतो. ते तुकडे पाण्यात टाकू नका, मासे गिळतात. आणि मोठ्याच माशाचं वेड असेल तर हेही ऐका: जॉर्ज पेरी यांचा 1932 चा 10 किलोंवरचा विक्रमी बास लाकडी लुअरवर लागला होता. 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली ती जिवंत माशाच्या आमिषावर. वर्मचं नाव कुठेच नाही.

तरी माझ्या पिशवीत आता वर्मची चार पाकिटं आणि पानगळीसाठी एकच क्रँकबेट असतं, हुकांना रबर गुंडाळलेलं. दोन्ही घेतलीत तर एकाच कप्प्यात ठेवू नका. वर्मचं मऊ प्लॅस्टिक क्रँकबेटचा रंग विरघळवतं; माझं एक असंच चिकट होऊन वाया गेलं.