मूडलवर स्वयंसेवकांचा शुश्रूषा कोर्स बसवला, दोन बॅचनंतरचा रिव्ह्यू

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या घरी काळजी कशी घ्यायची हे स्वयंसेवकांना लांबून शिकवायचा एक कोर्स आम्ही मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर बसवला, त्याच्या दोन बॅच झाल्या म्हणून हे लिहितेय. तुमचा विषय शुश्रूषेचा नसेल, शिवणकाम असेल, नळदुरुस्ती असेल, तरी हाताने करायचं काम लांबून शिकवायचं असेल तर यातलं बरंचसं तुमच्याही उपयोगी पडेल. मला मूडल आवडलंय आणि तिसरी बॅचही त्यावरच घेणार आहोत. पण आपला कोर्स आयता आखून मिळेल अशा आशेने कोणी ते घेत असेल तर तसं होत नाही. चालवायला ते उत्तम आहे, आखायचं काम आपलंच, आणि ते मूडल उघडायच्या आधी कागदावर व्हायला हवं.

आम्ही नेमकं उलटं केलं. साइट तयार झाल्याझाल्या सगळे उत्साहात कामाला लागलो, ज्याच्याकडे जे होतं ते चढवलं, कोणाचं पीडीएफ, कोणाच्या स्लाइड्स, कोणी चाळीस मिनिटांचं लेक्चर रेकॉर्ड केलेलं, आणि बघता बघता सोळा सेक्शन झाले. दिसायला भरगच्च. आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, त्यांनी ते सगळं शांतपणे खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे सगळं वाचलेल्या माणसाच्या भरवशावर मी पेशंटला सोडून दोन तास बाहेर जाऊ शकते का?" कोणीच काही बोललं नाही. त्या एका प्रश्नावर अख्खा कोर्स परत आखला.

मग कागद घेतला आणि शेवटापासून सुरुवात केली. शेवटच्या दिवशी या माणसाला एकट्याने काय काय करता आलं पाहिजे? सहाच कामं निघाली. हात नीट धुणं, झोपलेल्या माणसाची कूस बदलणं, माणूस पलंगावर असतानाच चादर बदलणं, पलंगावरून व्हीलचेअरवर घेणं, ताप मोजून नोंद ठेवणं आणि बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली खूण ओळखणं. एवढंच. सोळा सेक्शनमधलं जे या सहांपैकी कशालाच लागत नव्हतं ते सगळं काढलं, शरीररचनेची सुंदर चित्रं होती ती काढताना जीवावर आलं पण काढली. कोर्स डिझाइनवाल्या लोकांमध्ये अॅडी नावाची एक पद्धत आहे, 1975 साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणासाठी बनवलेली, त्यात आधी गरज तपासा, मग आराखडा, मग साहित्य, मग शिकवणं, मग मूल्यमापन असा क्रम आहे. आम्ही थेट साहित्यावर उडी मारली होती.

दुसरी चूक वेळेची. आम्ही फक्त व्हिडिओची मिनिटं मोजत होतो. कूस बदलण्याचा व्हिडिओ नऊ मिनिटांचा, म्हणजे तो धडा नऊ मिनिटांचा असं डोक्यात होतं. मग आमच्यातल्याच एकीला खरंच करायला लावलं, बघणं, परत बघणं, घरातल्या कोणाला तरी झोपायला तयार करणं, चार-पाच वेळा सराव, मग व्हिडिओ काढणं, तो पाठवणं, चूक निघाली की परत करणं, सगळं धरून जवळजवळ चार तास गेले. ब्रिटनमध्ये कोर्सचं क्रेडिट असंच मोजतात, 10 तासांच्या शिकण्याला 1 क्रेडिट, आणि त्या दहा तासांत वाचन, सराव, परीक्षा सगळं आलं. स्वयंसेवक नोकरी, घर, आजारपणं सांभाळून हे करतो, त्याचा आठवड्यातला तीन तासांचा वेळ हाच आपला खरा साठा आहे, तो आधी मोजा आणि मगच धडे ठरवा.

आता प्रत्यक्ष मूडलबद्दल. 2002 मध्ये पहिली आवृत्ती आली, मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने बनवलं. लहानपणी तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात राहायचा आणि त्याची शाळा रेडिओवरून चालायची, हे कळल्यावर मला या सॉफ्टवेअरबद्दल वेगळीच आपुलकी वाटायला लागली, कारण वापरताना खरंच जाणवतं की समोर शिक्षक नसलेल्या मुलाला काय लागतं हे कोणीतरी आतून ओळखून आहे. मुक्त सॉफ्टवेअर आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, सर्व्हर मात्र आपला आपण बघायचा किंवा कोणाकडून तरी घ्यायचा.

आमच्या कामाला सगळ्यात जास्त आलं ते असाइनमेंट. स्वयंसेवक फोनवर व्हिडिओ काढून तिथे टाकतो, तो त्याला आणि त्याचं काम तपासणाऱ्या मेंटरलाच दिसतो, बाकीच्यांना नाही. असाइनमेंटला रुब्रिक, म्हणजे तपासायच्या मुद्द्यांचा तक्ता, जोडता येतं. पहिलं रुब्रिक आम्ही फार मोठं केलं होतं, उत्तम, चांगलं, बरं, कमी अशा चार पायऱ्या आणि वर दहा मुद्दे. मेंटर वैतागले, "बरं" आणि "चांगलं" यात फरक काय हेच कोणाला सांगता येईना. मग सिस्टरनी सरळ हो-नाहीवर आणलं. व्हीलचेअरचे ब्रेक लावले का? हात लावायच्या आधी पेशंटला सांगितलं का, विचारलं का? उचलताना स्वतःचे गुडघे वाकवले की कंबर? असे पाच-सहाच प्रश्न, ब्रेकच्या प्रश्नाला "नाही" आलं तर बाकी सगळं छान असूनही परत पाठवायचं. पास होईपर्यंत पुन्हा सबमिट करू देणारं सेटिंग असाइनमेंटमध्येच आहे, ते नक्की चालू ठेवा.

खऱ्या पेशंटचा व्हिडिओ काढायचा नाही हा नियम आम्ही पहिल्याच पानावर लिहिला. घरातलं कोणीतरी पेशंट बनतं, तेही त्यांची परवानगी घेऊन. सिस्टरचं वाक्य तसंच्या तसं टाकलंय, "मला हात दिसले पाहिजेत, चेहरा नको."

बेडसोअरचा धडा हा माझा सगळ्यात आवडता, कारण तो लांबून शिकवता येईल असं मला वाटलंच नव्हतं. त्वचेवर लाल चट्टा दिसतो, बोटाने दाबून सोडला की निरोगी ठिकाणी तो क्षणभर फिका पडतो, फिका पडला नाही तर ती सुरुवात समजायची. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हा लालपणा पटकन दिसतच नाही, तिथे हाताने चाचपावं लागतं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, टणक किंवा पिचपिचीत लागतंय का. हे सगळं आम्ही एच-फाइव्ह-पी या प्रश्न विचारणारे धडे बनवायच्या साधनातल्या इंटरॅक्टिव्ह व्हिडिओत केलं, व्हिडिओ मध्येच थांबतो आणि विचारतो, आता तुम्ही काय कराल? मूडलमध्ये एच-फाइव्ह-पी 2019 पासून आतच आलंय, वेगळं काही बसवावं लागत नाही. बनवायला वेळ जातो, एका व्हिडिओला आमची अख्खी संध्याकाळ गेली, पण लोक हाच धडा परत परत उघडताना दिसले.

धडे कुलूपबंद करायची सोयही आहे, म्हणजे आधीचं पूर्ण झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. पहिल्या बॅचला आम्ही सगळीकडे कुलपं लावली आणि फसलो, कारण कुलूप उघडणार कधी, तर मेंटर व्हिडिओ तपासेल तेव्हा, आणि मेंटरही स्वयंसेवकच, त्याच्याही घरी लग्नकार्य, परीक्षा, ताप. चांगली शिकणारी माणसं नुसती दारात उभी राहिली आणि दोघी तर तिथूनच परत गेल्या, मला अजून वाईट वाटतं त्याचं. दुसऱ्या बॅचला एकच कुलूप ठेवलं, कूस बदलणं पास झाल्याशिवाय व्हीलचेअरचा धडा नाही, कारण तिथे माणूस पडू शकतो. बाकी सगळं मोकळं.

तसंच फॉरमॅटचं. मूडलमध्ये आठवड्यांचा फॉरमॅट आणि विषयांचा फॉरमॅट असे दोन मुख्य प्रकार आहेत. आठवड्यांच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक सेक्शनवर तारखा आपोआप येतात, बघायला शिस्तशीर वाटतं, पण दोन आठवडे आजारी पडलेला माणूस परत आला की त्याला पहिली दिसते ती उलटून गेलेली तारीख. पगारी ट्रेनिंगला हे चालत असेल, स्वयंसेवकाला नाही, तो गुपचूप निघून जातो. विषयांचा फॉरमॅट घ्या.

लांबून शिकवण्यात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे शिकणाऱ्याला परत जाणारं उत्तर. आयझॅक पिटमनने 1840 मध्ये पोस्टाने कार्डं पाठवून शॉर्टहँड शिकवायला सुरुवात केली, तेव्हा शिकणारा कार्ड लिहून पाठवायचा आणि ते तपासून परत यायचं, धंदेशिक्षण लांबून द्यायची सगळी युक्ती त्या परत येणाऱ्या कार्डात होती. आमच्याकडे ती मेंटरच्या दोन ओळींत आहे. नियम केला की दोन दिवसांत काहीतरी उत्तर गेलंच पाहिजे, पूर्ण तपासणी जमली नाही तर नुसतं "मिळाला, शनिवारी बघते" एवढं तरी. मूडलमध्ये यासाठी ग्रुप आणि नॉन-एडिटिंग टीचर हा रोल फार सोयीचा आहे, ग्रुप वेगळे ठेवायचं सेटिंग लावलं की मेंटरला आपल्याच पाच-सहा जणांचं काम दिसतं, आणि त्याच्या हातून कोर्समध्ये चुकून काही डिलीट होत नाही.

तक्रारी आहेत, पण त्यातल्या मोठ्या दोन मूडलच्या नाहीतच. ज्यांच्याकडून आम्ही होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, घेतलं त्यांनी क्रॉन लावलाच नव्हता. क्रॉन म्हणजे मागे सतत चालणारं काम, ते दर मिनिटाला चाललं पाहिजे, नाहीतर ईमेल जात नाहीत. तीन आठवडे आमच्या फोरमच्या सूचना कोणाला पोचल्याच नाहीत आणि आम्हाला वाटत होतं लोकांना रस नाही. दुसरं फाइलच्या साइजचं, मूडल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची मूळ मर्यादा फक्त 2 एमबी असते आणि ती कोणी वाढवली नव्हती, मग अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओसुद्धा जाईना. होस्टिंग घेताना या दोन गोष्टी लेखी विचारा, पहिल्या दिवशी स्वतः फोनवरून व्हिडिओ टाकून बघा.

मूडलचं स्वतःचं म्हणाल तर सेटिंग्ज खूप आहेत, एका असाइनमेंटचं पान उघडलं की नवीन माणूस घाबरतो. ग्रेडबुक, म्हणजे गुणांची वही, तर आम्हाला झेपलंच नाही आणि खरं तर लागलंही नाही, विद्यार्थ्यांना दिसणारं ग्रेडबुक बंद करून टाकलं, सहा कामांपुढे सहा टिका दिसल्या की पुरे. वर्कशॉप नावाचा प्रकार आहे, त्यात शिकणारे एकमेकांचं काम तपासतात, कल्पना छान आहे पण त्याचे पाच टप्पे असतात आणि एकाने उशीर केला की सगळे अडकतात, स्वयंसेवकांसाठी नको.

मोबाइल अॅप मात्र फार चांगलं. धडा आधी डाउनलोड करून ठेवता येतो आणि नेट नसताना बघता येतो, क्विझसुद्धा ऑफलाइन सोडवता येते, नेट आलं की सिंक करायची. फक्त क्विझला टाइम लिमिट लावलेलं असेल तर ती ऑफलाइन चालत नाही, आणि उत्तर लगेच चूक-बरोबर सांगणारा प्रकार निवडला असेल तरीही नाही. आम्हाला हे कळायला एक बॅच गेली. टाइम लिमिट काढून टाकलं, कारण ताप मोजून नोंद कशी करायची हे कोणी घड्याळ लावून शिकत नाही.

एक गोष्ट लांबून जमली नाही आणि ती जमवायचा हट्टही सोडला. पलंगावरून खुर्चीत घेताना दुसऱ्याचं वजन अंगावर येतं, ते सिस्टरच्या हाताखाली एकदा तरी करावंच लागतं. म्हणून शेवटी एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष भेटीचा ठेवला. जे घरी व्हिडिओ करून आले होते त्यांना तिथे काहीच सांगावं लागलं नाही, सिस्टर फक्त बाजूला उभ्या होत्या.

सर्टिफिकेटचं काम बॅजने भागतं, ती सोय मूडलमध्ये आतच आहे. पण बॅजखाली आम्ही स्पष्ट लिहिलंय की यातली सहा कामं या व्यक्तीने करून दाखवलीत, हा नर्सिंगचा परवाना नाही. लोकांच्या घरात, आजारी माणसाजवळ जायचंय, तिथे आपण कोण आहोत याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको.

आता दुसऱ्या एका गटाने आमचा कोर्स मागितलाय. पूर्ण कोर्स एका बॅकअप फाइलमध्ये निघतो आणि दुसऱ्या मूडलवर जसाच्या तसा बसतो. देणार असाल तर बॅकअप घेताना एनरोल्ड यूझर्सची टीक आठवणीने काढा, नाहीतर कोर्सबरोबर आपल्या स्वयंसेवकांची नावं आणि त्यांच्या घरातले व्हिडिओही तिकडे जातील.