सेकंडहँड लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही, आठ महिने गेमिंग : माझा अनुभव

पोळ्याच्या आठवड्यात लॅपटॉप घेतला होता, आता मे लागला. घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू पाहिले ते सगळे पहिल्या दिवशीचे, डबा उघडला, दोन गेम लावून दाखवले, संपलं. म्हणून तेव्हाच ठरवलं होतं की आपण लिहू तर वापरून झाल्यावरच लिहू. हे लॅपटॉपबद्दल आहे आणि त्यापेक्षा जास्त गेमबद्दल आहे, कारण आठ महिन्यांत माझं एक मत पूर्ण फिरलं ते म्हणजे ग्राफिक्सचं.

मशीन सांगतो आधी. ऑफिसात वापरून विकतात तशी, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १४ इंची स्क्रीन १३६६ बाय ७६८ वाली. गेमचं चित्र काढायचं काम प्रोसेसरमध्येच असलेल्या इंटेल एचडी ५२० ग्राफिक्सचं, वेगळं कार्ड नाही. नागपूरहून १५ हजारात आणला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करतो, पीक विमा, सातबारा, पोट्ट्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, त्यासाठी तो हवाच होता, पण खरं सांगायचं तर घेताना डोक्यात रात्रीचे गेमच होते.

पहिली चूक, जी सगळेच करतात, ती म्हणजे सगळ्यात भारी दिसणारा गेम आधी टाकला. जीटीए फाइव्ह, शहरभर गाड्या पळवायचा गेम, माझ्याकडे २०२० च्या मे महिन्यापासून होता, एपिक या ऑनलाइन गेमच्या दुकानानं फुकट दिला होता तेव्हा मोबाईलवरूनच अकाउंटला जोडून ठेवला होता, मशीन नव्हती तरी. पाच वर्षं वाट पाहिलेला गेम राजेहो. यवतमाळला मित्राच्या वायफायवर डाउनलोड करून हार्डडिस्कवर आणला, सगळं सेटिंग खालच्या खाली ओढलं, रिझोल्युशन ७२० वर ठेवलं, आणि चालला, म्हणजे चित्र दिसलं. सेकंदाला पंचवीस ते तीस फ्रेम, म्हणजे तेवढी चित्रं, गर्दीच्या चौकात वीसच्याही खाली. गाडी वळवायची तर मी बटण दाबल्यावर जरा वेळानं वळे आणि तोवर खांबाला ठोकलेली असे. त्यात सगळं इतकं खाली ओढलेलं की रस्ता धुरकट, लांबची माणसं जवळ गेल्यावर अचानक उगवत. सुंदर पण नाही आणि खेळता पण येत नाही, असं दोन्हीकडून गेलं.

यातून एक कामाची गोष्ट शिकलो ती अशाच मशीनवाल्यांसाठी लिहून ठेवतो. आत बसलेल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर त्याची डेटा यायची वाट अर्धी होते. माझ्यात दोन स्लॉट होते, ४ जीबीची आणखी एक जुनी पट्टी टाकली, ८ जीबी झाली, आणि तीच मशीन तोच गेम डोळ्याला कळेल इतका मोकळा चालायला लागला. दुसरं, फ्रेम ३० वर बांधून टाका. पंचेचाळीस-वीस-चाळीस असं खालीवर होत राहण्यापेक्षा एकसारखे ३० हाताला लय बरे लागतात, कारण हात त्या लयीची सवय करून घेतो. ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद दिसते, ६० ला १६-१७, पण मधेच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंदाला गेली की नेमकी तीच हाताला टोचते.

आणि उन्हाळा. आमच्याकडे एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो, टिनाच्या खोलीत तर विचारू नका. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणतो, मग जो गेम डिसेंबरात नीट चालत होता तोच दुपारी चार वाजता अडखळतो. मी कूलरसमोर स्टुलावर ठेवून पाहिला, पण दमट हवा लॅपटॉपच्या आत जाऊ नये म्हणून बाजूला घेतला, आता रात्री दहानंतरच लावतो. हलक्या गेमला हा प्रॉब्लेम येत नाही, पंखा सुरू पण होत नाही, हे मला पहिल्या दोन महिन्यांत माहीतच नव्हतं कारण हलके गेम मी लहान पोरांचे समजत होतो.

ते कसं बदललं ते सांगतो. गावात टॉवर एक, माझा पॅक रोजचा दीड जीबी. रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या मोठ्या गेमला १५० जीबी जागा लागते, म्हणजे माझ्या हिशेबानं शंभर दिवस दुसरं काहीच न पाहता तेवढंच डाउनलोड. स्टारड्यू व्हॅली एका रात्रीत आला आणि पॅक उरला. नाइलाजानं टाकलेला गेम आहे हा, खोटं काहून बोलू. जुन्या टीव्हीवरच्या गेमसारखी चौकोनी चौकोनी चित्रं. एका माणसानं, एरिक बॅरोननं, साडेचार वर्षं एकट्यानं बसून बनवला, चित्रं त्याची, कोडिंग त्याचं, संगीत पण त्याचं, २०१६ ला आला.

गेम शेतीचा आहे. एका ऋतूत २८ दिवस, असे चार ऋतू, सकाळी सहाला उठायचं आणि रात्री दोनच्या आत झोपायचं, मधल्या वेळात पेरा, पाणी द्या, विका. एका रात्री मी खेळत होतो, बाबा वावरातून आले होते, ओलिताची पाळी होती हरभऱ्याची, पाय धुऊन बाजीवर बसले आणि माझ्या मागून पाहायला लागले. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, मोबाईलवर फक्त भाव पाहतात.

"काय करून राहिला रे?"

"पाणी देऊन राहिलो."

जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मंग हे दोन वाफे सुटले तुये."

मी पाहिलं तर खरंच दोन चौकोन सुटले होते. म्हटलं तुम्हाला कसं कळलं. तर म्हणे, "काळे नाही झाले ना ते."

त्या गेममध्ये पाणी दिलेली जमीन गडद होते, बस एवढंच, रंग एक पट काळा. काळ्या मातीत वावर भिजवणाऱ्या माणसाला ते एका मिनिटात वाचता आलं, कोणी शिकवलं नाही, भाषा इंग्रजी असून. मग त्यांनीच विचारलं की नाही दिलं पाणी तर वाळते का, म्हटलं नाही, त्या दिवशी फक्त वाढत नाही. "मंग सोपं आहे," म्हणाले आणि जेवायला गेले. दोन दिवसांनी परत येऊन बसले. मी फुलकोबी लावली होती वसंताच्या १८ तारखेला, तिला १२ दिवस लागतात आणि ऋतू २८ ला संपतो, ऋतू बदलला की उभं पीक मरतं, तर सगळी गेली. बाबांना सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली, उशिरा पेरलं म्हणाले. आमच्या घरात उशिरा पेरणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात ग्राफिक्सची व्याख्याच बदलली. एक रोप म्हणजे मूठभर ठिपके असतील पण कोणतं पिकलं, कोणतं तहानलेलं, कुठं काय उगवून राहिलं हे नजर टाकताच कळतं. जीटीएमध्ये मी सगळं खाली ओढल्यावर नेमकं हेच गेलं होतं, समोरून काय येतं तेच दिसेना. चित्र भारी असो की साधं, पुढच्या क्षणी हातानं काय करायचं हे त्यानं सांगितलं पाहिजे, मी आता एवढंच पाहतो.

सेलेस्ट त्यानंतर घेतला, २०१८ चा आहे, डोंगर चढणाऱ्या पोरीचा. तो मुळात ३२० बाय १८० एवढ्याच ठिपक्यांत काढलेला आहे, माझ्या स्क्रीनवर तर दहा लाखांवर ठिपके आहेत. त्या पोरीचे केस लाल असतात. हवेत एकदा झेप घेतली की निळे होतात, जमिनीला पाय लागला की परत लाल. म्हणजे झेप शिल्लक आहे की नाही हे कोपऱ्यातल्या आकड्याकडे न पाहता तिच्याकडेच पाहून कळतं, आणि खेळताना डोळा तिच्यावरच असतो. अजून एक, कड्यावरून पाय सुटल्यावर पण काही फ्रेमपर्यंत उडी घेता येते. म्हणजे तुम्ही जरा उशीर केला तरी गेम तुम्हाला सांभाळून घेतो, आणि ते दिसत नाही, फक्त जाणवतं की आपल्याला जमून राहिलं. माझी लहान बहीण बारावीत आहे, ती माझ्यापेक्षा पुढं गेली. सुरुवातीला तिनं असिस्ट मोड लावून गेमचा वेग कमी करून खेळला, हात बसल्यावर वाढवत नेला, आणि एका पडद्यावर दीडशे-दोनशे वेळा पडली तरी लॅपटॉपला दोष द्यायची वेळ आली नाही कारण मशीन कुठं अडतच नव्हती. पडली तर तिची चूक, चढली तर तिचं कौतुक. जीटीएमध्ये मला हेच कळत नव्हतं की खांबाला मी ठोकलं की लॅपटॉपनं.

इन्टू द ब्रीच या गेमबद्दल थोडक्यात. आठ बाय आठचा पट, बुद्धिबळासारखा, आणि शत्रू पुढच्या चालीत कुठं मारणार हे आधीच दाखवून ठेवतो. दडवलेलं जवळपास काहीच नाही, विचार तुमचा. लाइट गेली तरी बॅटरीवर टिकतो, म्हणून भारनियमनात हाच.

पारावरची पोट्टी बीजीएमआय खेळतात, मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम, त्यांच्याकडून पण एक पाहिलं. दहा-बारा हजाराचे फोन, आणि सगळ्यांचं ग्राफिक्स खालच्या स्मूथवर, फ्रेम रेट मात्र जेवढा वर जाईल तेवढा. एकाला विचारलं एचडी काहून नाही ठेवत. "एचडीवर फोन तापते भाऊ, अन् समोरचा आधी मारते." कोणी लेख वाचून नाही, रोज हरून-जिंकून ते इथपर्यंत आले.

आता दुसरी बाजू, कारण ती पण मी पाहिली आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. दिवाळीत नागपूरला मोठ्या काकांकडे गेलो, दादाकडे ग्राफिक्स कार्डवाला पीसी आहे, त्यावर रेड डेड २ तीन रात्री खेळलो. बापा, काय चित्र आहे ते. बर्फात घोड्याची वाट उमटते, चिखलात चाक रुतल्यासारखं दिसतं, सकाळचं धुकं असं की आमच्या धुऱ्यावर डिसेंबरात उभं राहिल्यासारखं वाटलं. त्या गेममध्ये हिंडणं हाच अर्धा खेळ आहे आणि ते चित्र काढून घेतलं तर ते हिंडणं उभंच राहत नाही. तिथं ग्राफिक्स पाहिजेच, मला मान्य आहे.

पण त्याच गेममध्ये प्रत्येक कप्पा उघडताना हात जाणार, वस्तू उचलणार, ठेवणार, शिकार केली की कातडं काढताना पूर्ण पाहायचं, पहिल्या रात्री तोंडात बोट घातलं आणि तिसऱ्या रात्री मी बटण दाबून दाबून कंटाळलो, लवकर कर म्हणून. आणि मिशनमध्ये त्यांनी आखलेली वाट सोडून आपल्या अकलेनं जावं तर मिशन फेल. एवढं मोठं रान काढलं आणि काम करताना पायवाटेवरच चाल म्हणतात, हे मला खटकलं. दादाला ते खटकत नाही, तो म्हणे गोष्ट पाहायची असते. त्याचं पण चुकत नाही. मी मात्र परत आल्यावर बसमधून उतरून घरी आलो आणि रात्री उघडलं ते स्टारड्यूच, हिवाळा लागला होता माझ्या तिथल्या वावरात, बघायचं होतं.

लॅपटॉपच्या तक्रारी. दुकानदार नवीन बॅटरी टाकली म्हणाला होता, ती सव्वा तासाच्या वर कधी गेली नाही, आता चाळीस मिनिटं, फोन केला तर उचलत नाही. घेताना त्याच्यासमोर अर्धा तास चार्जर काढून चालवून पाहा, मी नाही पाहिलं. डावीकडचा यूएसबी ढिला आहे. स्क्रीन बाजूनं पाहिली तर फिकट, चौघं बसून पाहायची सोय नाही. कीबोर्ड मात्र दगड आहे, आठ महिने फॉर्म टाइप करून आणि उड्या मारून एक बटण हललं नाही.

कोण घ्यावा? ज्याला नवीन मोठे गेमच खेळायचे आहेत त्यानं नाही घ्यावा, वर्षभर थांबावं आणि कार्डवालं घ्यावं, याच्यावर ओढाताण करून पैसे पण जातात आणि त्या गेमची मजा पण जाते. ज्याचा पॅक दीड जीबीचा आहे, लाइट भरवशाची नाही आणि दिवसा कामाला पण मशीन पाहिजे त्यानं डोळे झाकून घ्यावा, फक्त दुसरी रॅमची पट्टी धरून हिशेब करावा.

मी स्वतः ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीसाठी बाजूला टाकत होतो, बारा हजार जमले होते. त्यातून या आठवड्यात बॅटरी घेतो आणि दोन कंट्रोलर घेतो, कारण स्टारड्यू एकाच स्क्रीनवर दोघांना पण खेळता येतो आणि बहिणीची परीक्षा झाली. उरलेले पेरणीला बाबांकडे. ते म्हणाले कोबी यंदा पहिल्याच तारखेला लाव.