खोक्यावर नाव नसलेला काळा सूट: एका पावसाळ्यानंतर

एका प्रसिद्ध नटाच्या चित्रपटातल्या रूपाची, खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्शाएवढी संग्राह्य फिगर, म्हणजे कपडे घातलेली बाहुली, पावसाळाभर ठेवून पाहिली. खोकं काळं, मॅट. त्यावर चेहरा नाही, चित्रपटाचं नाव नाही, नटाचं तर नाहीच. मागे बारीक अक्षरांत '१/६ स्केल', '१५ वर्षांवरील' आणि हुद्द्यासारखं एक मोघम नाव. झाकण उचललं की मात्र काळा सूट, मानेवर रुळणारे केस, विरळ दाढी. कोण ते सांगावं लागत नाही. बनवणाऱ्याचं नाव इथे मुद्दाम घेत नाही, कारण खाली लिहिलेले बहुतेक दोष या किमतीतल्या बिनपरवाना सूटवाल्या फिगरमध्ये कमीअधिक सापडतातच. किंमत परवानाधारक फिगरच्या साधारण निम्मी. ते निम्मे पैसे जवळजवळ सगळे मानेच्या वर खर्च झालेत, हे पावसाळा संपेपर्यंत पुरतं कळतं.

अशा बिनपरवाना फिगरला थर्ड पार्टी म्हणतात. तिची आणि केओची (नॉक-ऑफची) गल्लत करू नका. केओ म्हणजे मोठ्या कंपनीच्या तयार फिगरवरून साचा उचलून केलेली नक्कल. थर्ड पार्टीत स्कल्प्ट (चेहऱ्याची कोरीव घडण) नवा, कपडे नवे, मेहनत स्वतःची. परवाना मात्र कुणाचाच नाही, ना स्टुडिओचा ना नटाचा. केओच्या वाटेला जाऊ नये. थर्ड पार्टीबद्दल तसं सरसकट म्हणता येत नाही, कारण पुष्कळदा हवा तो पोशाख मोठी कंपनी काढतच नाही.

चेहऱ्यापासून सुरुवात करतो, कारण विकला जातो तो चेहराच. हेड साधारण चार सेंटीमीटर, पीव्हीसीचं, केस कोरलेले. स्कल्प्ट उत्तम आहे. डावी भुवई किंचित खाली, नाक अगदी थोडं एका बाजूला, दोन्ही गालांखालच्या सावल्या वेगळ्या. कॉम्प्युटरवर कोरताना अर्धा चेहरा करून तो उलटवायची सोय असते. काम तिथेच सोडलं की चेहरा नटासारखा दिसूनही मेणाचा वाटतो. इथे तसं झालेलं नाही.

रंगाची गोष्ट वेगळी. जाहिरातीतले फोटो हाताने रंगवलेल्या रेझिन नमुन्याचे असतात. कारखान्याच्या हेडवर डोळे मऊ पॅडच्या ठशाने छापलेले. या मापात बुबुळ जेमतेम दोन मिलिमीटरचं, त्यामुळे पॅड अर्धा मिलिमीटर सरकला तरी नजर फाटते. आल्या दिवशी तपासायचं ते हेच, आणि तेही नीट: फोन तोंडाजवळ नेऊन फोटो काढू नका. वाइड लेन्स जवळून नाक फुगवते, कान मागे ढकलते, आणि चांगलं हेड उगाच बदनाम होतं. साठ-सत्तर सेंटीमीटर मागे सरका, दुप्पट झूम करा, उजेड एका बाजूने आणि थोडा वरून घ्या. एवढ्यावरही नजर जुळत नसेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोटो पाठवा; आठवड्यानंतर कुणी दाद देत नाही.

हेड काढताना-घालताना केसांच्या भागाला धरा. नाकाचा शेंडा आणि कपाळ इथला मॅट थर बोटांच्या तेलाने काही महिन्यांत चकाकू लागतो. कोमट पाणी, एक थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. पूर्ण वाळल्यावर पाण्यात विरघळणाऱ्या मॅट वार्निशचा एक पातळ हात, डोळे झाकून. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सॅनिटायझर लावलात तर चमक जाईल, सोबत भुवयाही जातील.

आता खोक्यावरच्या त्या मोघम नावाबद्दल. नाव बदललं की सुटलो, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेत 'चिअर्स' या टीव्ही मालिकेवरून विमानतळांवर बार निघाले, पॅरामाउंटकडून रीतसर परवाना घेऊन. तिथे मालिकेतल्या दोन पात्रांसारखे यांत्रिक पुतळे बसवले होते, त्यांची नावंही बॉब आणि हँक अशी वेगळी ठेवली होती. तरी ती पात्रं करणारे नट जॉर्ज वेंट आणि जॉन रॅट्झेनबर्गर कोर्टात गेले, आणि १९९७ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्यांचा दावा उभा राहू दिला: पात्राचे हक्क स्टुडिओचे असले तरी नटाचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क वेगळा. थोडक्यात, अशा फिगरला दोन परवाने लागतात आणि या खोक्यात एकही नाही. आपल्याकडे २०१० मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांचं गाणं म्हणणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीविरुद्ध निकाल दिला होता. २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या नाव, चेहरा आणि आवाजाला त्याच न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं.

घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ तुरुंग वगैरे नाही. अर्थ आहे प्री-ऑर्डर, म्हणजे माल यायच्या आधी पैसे भरून केलेली मागणी, बुडण्याचा. २०१२ च्या जानेवारीत 'इन आयकॉन्स' या कंपनीने स्टीव्ह जॉब्स यांची बारा इंची फिगर सुमारे शंभर डॉलरला जाहीर केली आणि त्याच महिन्यात, ॲपल आणि जॉब्स कुटुंबाच्या वकिलांच्या दबावामुळे, विक्री थांबवल्याचं सांगून टाकलं. थर्ड पार्टी वस्तू कधीही अशी गायब होऊ शकते. म्हणून आगाऊ पूर्ण रक्कम भरू नका. माल गोदामात आल्याचा खऱ्या खोक्याचा फोटो दाखवला की उरलेले द्या. सुट्या भागांची आशा तर सोडाच.

आणि सुटे भाग लागतात. बॉडी एबीएस या कडक प्लॅस्टिकची, कोपर-गुडघे दुहेरी सांध्याचे. पहिली कटकट मानेशी: हेडच्या आतली खोबण मानेच्या गोळ्यापेक्षा सैल, त्यामुळे डोकं सारखं छातीकडे झुकतं. नळाच्या आट्यांना लावतात ती पांढरी टेफलॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळली की काम होतं, आणि नको असेल तेव्हा खूण न ठेवता निघते. ब्लू टॅक (पोस्टर चिकटवायची मऊ पुटी) उन्हाळ्यात मऊ पडून खोबणीत चिकटतो, तो नको.

मनगटाचे पेग, म्हणजे पंजा हाताला जोडणाऱ्या खुंट्या, हा या फिगरचा सगळ्यांत कच्चा भाग. हाताचे पंजे मऊ पीव्हीसीचे, पेग कडक एबीएसचा, आणि खोबण घट्ट. थंड असताना पिळून ओढला की पेग मुळाशी मोडतो आणि तुकडा पंज्यात अडकून बसतो. पंजा बदलण्याआधी हेअर ड्रायरने किंवा साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट गरम करा, मग न पिळता सरळ ओढा. मोडलाच तर एक बारीक स्क्रू चिमट्यात धरून टोक तापवा, अडकलेल्या तुकड्यात दोन मिलिमीटर रुतवा, गार होऊ द्या आणि ओढा. बहुतेक वेळा तुकडा अख्खा येतो. बदली पेग पीओएम या चिवट प्लॅस्टिकचे मिळतात. ते सहसा मोडत नाहीत, पण मागवण्याआधी व्यास कॅलिपरने मोजा, कारण माप प्रत्येक बॉडीचं निराळं.

कमरेचे सांधे काही महिन्यांत ढिले पडतात, कारण जड बूट आणि रुंद पवित्रा. सांध्यात पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच हलवा. नेलपॉलिश लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यातलं द्रावक एबीएसला खातं. उलट सांधा कडक असेल तर सिलिकॉन तेल. खोबरेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे वापरू नका, ताणाखाली असलेल्या एबीएसला त्याने तडे जाऊ शकतात.

खरी परीक्षा कपड्यांची झाली, आणि इथेच फिगर नापास. दमट हवेत काळ्या कोटाने रंग सोडला. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर, जिथे कोटाची पट्टी टेकते तिथे, पेन्सिलीने ओढल्यासारखी राखाडी रेघ उमटली. बगलेत तोच रंग बॉडीवर उतरला. फिगर उभी करण्याआधीच ओला पांढरा कानकोरणीचा कापूस आतल्या शिवणीवर घासून बघा. काळा आला तर कोट गार पाण्यात साबण घालून दोन-तीनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, सावलीत सपाट वाळवा. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का करायचा उपाय इथे चालत नाही. रंगवून झालेल्या सिंथेटिक कापडाला त्याने काही होत नाही. धुण्याआधी कोटाच्या घेरातली तार काढा. घेर आणि टाय हव्या त्या बाकात राहावेत म्हणून आत बारीक लोखंडी तार घातलेली असते. ती गंजते, आणि गंजाचा डाग कापडातून बाहेर येतो. शिवणीचे चार टाके उसवून तिच्या जागी अर्ध्या मिलिमीटरची, वर वार्निशचा थर असलेली तांब्याची तार, म्हणजे मोटर वाइंडिंगवाल्यांकडे मिळते ती, सरकवा. कापडाचा पडही आधीपेक्षा चांगला बसतो.

पट्टा आणि होल्स्टर पॉलियुरेथेनच्या नकली चामड्याचे. हवेतला ओलावा त्या थराची रासायनिक साखळी तोडतो आणि पापुद्रे सुटतात; आपल्या किनारपट्टीवर हे लवकर होतं. पट्ट्याच्या छिद्रापाशी भेगा दिसू लागल्याच आहेत. यावर इलाज नाही, फक्त लांबवता येतं: कपाटात सिलिका जेल, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि पट्टा एकाच भोकात ताणून ठेवायचा नाही. नंतर खऱ्या पातळ चामड्याची पट्टी कापून बसवणं उत्तम, जुनं बक्कल चालतं.

पिस्तूल छान आहे, स्लाइड सरकते, मॅगझिन निघतं. पण होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. होल्स्टरचं आतलं मऊ प्लॅस्टिक पिस्तुलाच्या रंगाला चिकटतं, आणि ओढून काढताना नळीच्या टोकाचा रंग आतच राहतो. पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं, त्याचा हा परिणाम. जास्तीचे पंजे पारदर्शक ट्रेमध्ये महिनोन्महिने ठेवले तर तेही तसेच ट्रेला डाग पाडतात. प्रत्येक पंजा साध्या पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. स्टँडची कमरेत अडकणारी तार पॅन्टवर कायमची घडी पाडते. तारेवर सुती कापडाची पट्टी गुंडाळली तर बरं.

लायसन्सवाल्या फिगरमध्ये असं काही होत नाही, असा दावा नाही. नकली चामडं तिथेही सोलतं. फरक इतकाच की तिथे शर्टावर रेघ उमटली तर तक्रार करायला पत्ता असतो.

मागवताना दोन गोष्टी. पाकिटावर 'गिफ्ट' लिहून घेतल्याने शुल्क वाचत नाही. ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता २०१९ च्या डिसेंबरात गेली. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं होतं, तेव्हा मागवायच्या दिवशीचा दर पाहूनच हिशोब मांडा. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची सक्ती असलेला खेळण्यांचा आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या वस्तूंना आहे, म्हणून '१५ वर्षांवरील' हा शिक्का इनव्हॉइसवरही असलेला बरा. बौद्धिक संपदेच्या २००७ च्या सीमाशुल्क नियमांतून वैयक्तिक वापराची लहान पार्सलं वगळलेली आहेत. पण एका खोक्यात मित्रांसाठी म्हणून सहा नग मागवलेत तर ते पार्सल वैयक्तिक वापराचं आहे हे पटवून द्यायची जबाबदारी तुमची.

नुसतं हेड सुटं विकणारेही आहेत, आणि आता पुन्हा घ्यायचं झालं तर तेच घ्यावं: हेड एकीकडून, बॉडी मापाची खात्री असलेली, सूट दुसऱ्याकडून. हेड घेताना मानेचा रंग बॉडीच्या रंगाशी जुळतो का ते दिवसाच्या उजेडातल्या फोटोत बघा. बिनकॉलरच्या कपड्यांत तो फरक लगेच डोळ्यांत खुपतो. या सूटमध्ये कॉलर आणि टाय तो झाकतात.