ठासणीच्या बंदुकीसोबत एक हंगाम: कोलोरॅडोत हरीण आणि एल्कच्या मागावर

रायफल विकलेली नाही, पण या वर्षी ती कपाटातून बाहेरच आली नाही. गेल्या हिवाळ्यात पॉइंट 50 ची (म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची) ठासणीची बंदूक घेतली, जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरतात, उन्हाळाभर रेंजवर उडवली आणि सप्टेंबरात ती खांद्यावर टाकून डोंगरात हिंडलो. निकाल आधीच सांगतो: एल्क, म्हणजे सांबराच्या जातकुळीतलं थोराड जनावर, मिळाला नाही, हरीण मिळालं, आणि पुढच्या वर्षीही हीच बंदूक नेणार आहे. तरी प्रत्येकाने ती घ्यावी असं मी म्हणणार नाही. का ते खाली येईलच.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं आधी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि आपल्या जंगलांची अवस्था पाहता ते बरोबरच झालं. इथलं, म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं, गणित वेगळं आहे. जगात सर्वाधिक एल्क कोलोरॅडोत आहेत. कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, नर की मादी, हे सगळं राज्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं ठरवतं आणि बरेचसे परवाने सोडतीने देतं. शिकारीचं मांस विकता येत नाही आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर गुन्हा दाखल होतो. बंदुकांवर आणि काडतुसांवर 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने जो कर लागतो (लांब बंदुकांवर 11 टक्के), तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. शिकार पटवून द्यायला हे लिहीत नाही. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही, माझ्या घरातच दोन जण तसे आहेत.

आता बंदूक. ठासणीची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ल्यावरच्या संग्रहालयातली बंदूक येते, किंवा कोकणातले असाल तर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर डुकरं-वानरं हाकलायला ठेवलेली केपाची (ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर उडणारी). आजोळी सावंतवाडीजवळ माळ्यावर एक होती. फोटो पाठवला तेव्हा मामा फोनवर म्हणाला, "अरे, अमेरिकेत जावन पण ठासणीचीच घेतलंस?" दिसायला मात्र ही तशी नाही. तिला इनलाइन म्हणतात. ठिणगी बाजूने न येता बरोबर नळीच्या मागून, दारूच्या सरळ रेषेत येते. केपाऐवजी शॉटगनच्या काडतुसातला 209 नंबरचा प्रायमर लागतो. स्टेनलेस नळी, प्लॅस्टिकचा दस्ता. 1985 च्या सुमारास टोनी नाइटने अशी बंदूक बाजारात आणली आणि ठासणीच्या शिकारीचा चेहरा बदलला. किंमत साधारण साडेतीनशे ते सातशे डॉलर. माझी मधल्या टप्प्यातली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या भावातल्या बंदुका मला एकमेकींपासून फार वेगळ्या वाटल्या नाहीत.

बदल का केला? बंदुकीच्या प्रेमापोटी नाही. कॅलेंडरमुळे. इथले रायफलचे हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तोवर एल्कचा माज ओसरलेला असतो, जनावर गप्प झालेलं असतं आणि कच्च्या रस्त्यावर पहाटे चारला ट्रकची रांग असते. ठासणीच्या बंदुकीला सप्टेंबरच्या मध्याला नऊ दिवस मिळतात. ॲस्पेनची पानं तेव्हा पिवळी पडायला लागलेली, नर माजावर, आणि पहाटे दरीच्या दोन्ही बाजूंनी त्यांची साद ऐकू येते. खालून खर्जात सुरू होऊन शिट्टीसारखी वर चढणारी. परवाने मोजके असल्याने माणसं कमी. याच काळात धनुष्यबाणवाल्यांचाही हंगाम चालू असतो आणि ते रानाच्या रंगाच्या कपड्यांत फिरतात. आपल्याला मात्र कमरेच्या वर 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची. पहिले दोन दिवस मला उगाच लाज वाटत होती. हरणाच्या डोळ्यांना तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे बिघडत काहीच नाही. वारा मात्र बिघडवतो. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढू लागते. हे वेळापत्रक चुकलं तर कुठलीही बंदूक कामाची नाही.

या नऊ दिवसांची किंमत नियमांत चुकवावी लागते. दुर्बीण लावायची नाही, नेम धरायला फक्त नळीवरची उघडी माशी आणि खाच. बॅटरीवर चालणारं काहीही बंदुकीवर नको. दारू सुटीच हवी, तयार वड्या चालत नाहीत. धूररहित दारूही नाही. सॅबो, म्हणजे प्लॅस्टिकच्या टोपीत बसवलेली बारकी गोळी, तीही बाद. एल्कसाठी नळी किमान पॉइंट 50 ची, हरणाला पॉइंट 40 चालते. हे मी परवाना काढला तेव्हाचे नियम. दर वर्षीची पुस्तिका स्वतः वाचा. दुकानात मांडलेला अर्धा माल इथल्या हंगामात बेकायदा असतो, कारण तो इतर राज्यांसाठी असतो. विक्रेत्याने मला अगदी प्रेमाने वड्या आणि सॅबोचा जोड-डबा दाखवला होता. आयडाहोत तर नियम आणखी कडक, तिथे ठिणगीची जागाच उघडी असावी लागते. माझी बंदूक तिथल्या ठासणीच्या हंगामात चालणार नाही.

दुर्बीण नाही, ही अट पंचेचाळिशीनंतर अंगावर येते. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसण्याचे दिवस गेलेले असतात. रेंजवर पहिले काही आठवडे माझ्या गोळ्या 100 यार्डांवर ताटाएवढ्या जागेत पसरत होत्या. मागची खाच काढून बारीक छिद्राची पीप साइट बसवली. ती नियमात बसते, तिच्यात फक्त माशीवर नजर ठेवायची, बाकीचं डोळा आपोआप जुळवतो. पसारा तळहाताएवढा झाला. या अनुभवातून एकच सल्ला उचलायचा असेल तर हा उचला. जास्त महागड्या बंदुकीपेक्षा या लहानशा तुकड्याने मला अधिक दिलं.

गोळी 400 ग्रेनहून (ग्रेन हे दारूगोळ्याचं बारीक माप) जास्त वजनाची, शिशाची, निमुळती. मागे 90 ग्रेन दारू. ही दारू वजनाने नाही, मापाने मोजतात, पितळी मापट्यात. जुन्या काळ्या दारूऐवजी हल्ली वापरतात ती पर्यायी दारू वजनाला हलकी असली तरी मापट्यावरची रेघ तीच, त्यामुळे तराजू काढून हुशारी करू नका. नळीत दारू ओता, गोळी तोंडाशी बसवा, गजाने एका दमात तळापर्यंत दाबा, शेवटी प्रायमर. गोळी दारूला टेकलेलीच हवी. मधे पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. म्हणून गजावर दोन खुणा केल्यात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. प्रायमर लावण्याआधी गजाकडे पाहिल्याशिवाय हात पुढे जात नाही.

दणका? रायफलच्या दणक्यापेक्षा वेगळा, ढकलणारा. पण हलक्या बंदुकीत जड गोळी, म्हणजे दहाएक बारांनंतर खांदा बोलायला लागतो. 120 ग्रेनवरही उडवून पाहिली. नेमात काही भर पडली नाही, फक्त खांदा सुजला. परत 90 वर आलो.

पल्ल्याबद्दल जाहिराती काहीही म्हणोत, माझ्यासाठी ही 100 यार्डांची बंदूक आहे. 100 ला नेम जुळवला तर 150 यार्डांवर माझी गोळी आठ-दहा इंच खाली पडते. रायफलला दुर्बीण लावली की 200 यार्डांपर्यंत फार विचार करावा लागत नाही. इथे प्रत्येक पन्नास यार्डांना उत्तर बदलतं. हंगामाच्या मध्यावर एका संध्याकाळी चांगला सहा फाट्यांचा एल्क कुरणात उघड्यावर उभा राहिला. अंतरमापकावर 143 यार्ड. (तो हातात धरायचा असतो, बंदुकीवर नाही, म्हणून चालतो.) मधे झाडी नाही, सरकत जायला जागा नाही, आणि दोन माद्या माझ्याकडेच बघत होत्या. तो अंधार पडेपर्यंत चरत राहिला. रायफल असती तर फ्रीझर भरला असता. हातातल्या बंदुकीने जखमी करून सोडण्यापेक्षा हे बरं, आणि खरं सांगायचं तर त्या पाऊण तासाचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. ज्याला होईल त्याने रायफलच ठेवावी.

हरीण दोन दिवसांनी. म्यूल डिअरचा नर, स्प्रूसच्या झाडांच्या कडेने, 70 यार्डांवर आडवा. इथे ठासणीच्या बंदुकीची एक गंमत कळते. चाप ओढला की पुढे पांढरा धूर, आणि जनावर पडलं की पळालं ते दिसतच नाही. त्यामुळे सवय अशी लावली आहे: बार उडाला की आधी कान द्यायचा, ते कुठल्या झाडाशी उभं होतं ते मनात पक्कं करायचं, आणि जागेवरूनच पुन्हा भरायची. भरायला निवांतपणी अर्धा मिनिट लागतो, हात थरथरत असताना कितीतरी जास्त. दुसऱ्या बाराची गरज पडली नाही. जड शिसं दोन्ही बाजूंनी आरपार जातं, रक्ताचा माग स्पष्ट होता, जनावर चाळीस पावलांवर पडलेलं. मांसाची नासाडी माझ्या वेगवान रायफलपेक्षा बरीच कमी.

आता नावडतीचा भाग. साफसफाई. पर्यायी दारूही बहुतेक काळ्या दारूसारखीच ओल शोषते आणि नळी खाते. त्याच संध्याकाळी, तंबूत कितीही थकून आलात तरी, गरम साबणाच्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचं. ब्लॅकहॉर्न 209 सारखी दारू कमी गंजवते, पण ती पाण्याने निघत नाही, तिला वेगळं द्रावण लागतं आणि ती महागही आहे. मी वापरत होतो त्या दारूने गोळी बसते नेमक्या त्या जागी, कुकरच्या तळाला डाळ धरावी तसं, घट्ट कडं धरलं. दुसरी गोळी तिथेच अडते. उपाय म्हणजे प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी एकदा खाली-वर. रेंजवर चालतं, डोंगरात कंटाळा येतो. ब्रीच प्लगच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाच्या, आट्यांना ग्रीस लावलं नाही तर तो पुढच्या वेळी पान्याने निघेल याची खात्री नाही.

दुसरी डोकेदुखी ओल. कोलोरॅडोत सप्टेंबरातही दुपारी गडगडाट होतो. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावून ठेवतो. बार उडाला की गोळीच्या पुढच्या हवेच्या दाबानेच ती उडून जाते, नेमावर फरक पडत नाही. रात्री बंदूक उबदार तंबूत आणायची नाही, आत पाणी धरतं. प्रायमर काढून बाहेरच ठेवायची. गाडीत नेतानाही प्रायमर काढला की इथल्या नियमात ती रिकामी धरली जाते. आणि चाप ओढून नुसताच टक आवाज आला तर नळी सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर तरी हलू नका, बार उशिरा उडू शकतो. उन्हाळ्यात रेंजवर एकदा तसं झालं, आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा माझ्याआधीच "थांब" म्हणाले.

घेण्याआधी काही व्यवहाराच्या गोष्टी. विमानाने जाणार असाल तर दारू आणि प्रायमर सामानातही नेता येत नाहीत, पोहोचल्यावर विकत घ्यावे लागतात आणि ते मिळतीलच असं नाही. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम लागतो, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच. व्हिसावर असाल तर बंदुकांचे संघीय नियम तुमच्यासाठी वेगळे आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि म्यूल डिअर मारलंत तर डोकं तपासणीला द्या. क्रॉनिक वेस्टिंग हा हरणांचा रोग 1967 मध्ये इथेच, कोलोरॅडोत, प्रथम दिसला. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण दोष सापडलेलं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत आमचं मांस फ्रीझरमध्ये नावनिशी वेगळं ठेवलं होतं. आल्यावर मालवणी वाटपातली सागुती केली. या मांसाला चरबी जवळपास नसते, त्यामुळे तेल थोडं सैल हाताने घाला आणि कुकरच्या शिट्ट्यांपेक्षा मंद आच द्या.

तर कोणी घ्यावी? ज्याच्या घराजवळ रेंज आहे, ज्याला उन्हाळ्यात दर आठवड्याला हात काळे करायचा कंटाळा नाही, आणि ज्याला माजावरचा एल्क जवळून ऐकायचाय. वर्षातून एकदाच सुट्टी मिळते आणि मांस हवंच आहे, त्याने ऑक्टोबरची रायफल सोडू नये. मी पुढच्या हंगामासाठी कडं न धरणारी दारू आणि थोडी हलकी गोळी आजमावणार आहे. सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात, माझा त्याच भागासाठी असेल. त्या कुरणाच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या योग्य बाजूला, 80 यार्डांवर एक पडका ओंडका हेरून ठेवला आहे.