सिल्कसाँग: आठ-नऊ महिने खेळल्यावर

'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ला आला, तेव्हापासून तो माझ्या लॅपटॉपवर ठाण मांडून आहे. गेल्या वर्षी खेळलेल्या सगळ्या गेममध्ये माझा सर्वांत लाडका हाच. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरीने तो २०१९मध्ये जाहीर केला होता. म्हणजे साडेसहा वर्षं वाट पाहिली, आणि किंमत ठेवली फक्त २० डॉलर. एवढ्या मोठ्या गेमसाठी ही फारच कमी आहे.

गेम कठीण आहे, यात वाद नाही. आपण जिला खेळवतो त्या हॉर्नेटकडे सुरुवातीला पाच मास्क (म्हणजे पाच जीव) असतात आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन घेतात. पण तिची जखम भरायची पद्धत नीट पाहा. रेशमाचं रीळ जवळजवळ पूर्ण भरलं की 'बाइंड' करून एकदम तीन मास्क परत मिळतात, तेही हवेत असताना. आणि रेशीम मुख्यतः शत्रूला सुई मारूनच मिळतं! घाबरून कोपऱ्यात थांबलात तर सावरायची सोयच उरत नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत दिवाळी उजाडली. नंतर मात्र लढाईची अशी लय लागली की दुसरे गेम संथ वाटायला लागले.

उडी मारून खाली करायचा तिरपा वार अनेकांना जमत नाही. त्यांनी वाँडरर क्रेस्ट शोधावी (क्रेस्ट बदलली की हॉर्नेटची वार करायची पद्धत बदलते), तिचा वार 'हॉलो नाइट' या पहिल्या गेमसारखा सरळ खाली जातो. मी रीपर क्रेस्टवर स्थिरावलो.

बाइलवॉटर हा गेममधला दलदलीचा भाग मला आजही आवडत नाही. तिथल्या पाण्यातल्या अळ्या अंगाला चिकटल्या की बाइंड त्या झटकण्यातच खर्च होतो, आणि कामाचा बेंच (हरल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते ती जागा) भिंतीआड लपवलेला. बॉस, म्हणजे टप्प्यातला मोठा शत्रू, कितीही कठीण असो, चालेल. पण हरल्यावर दर वेळी तेच अंतर तुडवायला लावण्यात खेळणाऱ्याचा कस लागत नाही, नुसता वेळ जातो.

आता मे महिना, नागपुरात कूलर रात्रंदिवस सुरू. त्याच्या घरघरीत क्रिस्टोफर लार्किनचं संगीत बुडतं, शिवाय वार करण्याआधी बॉस देतो ती आरोळीही. तेव्हा हेडफोन हवाच. कंट्रोलर मी सीताबर्डीतून आणला, कीबोर्डवर बोटं दुखून येतात. शाळेला सुट्या लागल्यापासून भाचा शेजारी बसलेला असतो. "मामा, आता मला दे नं!" म्हणतो आणि माझ्यापेक्षा चपळ खेळतो.

पुढचं सांगायचं तर सिल्कसाँगचीच 'सी ऑफ सॉरो' ही भर २०२६साठी जाहीर झाली आहे, तीही फुकट. समुद्राभोवतीचा नवा प्रदेश म्हणजे हॉर्नेटच्या चपळाईला नवं मैदान, म्हणून माझं पहिलं लक्ष तिकडे. दुसरी वाट 'जीटीए ६' या गेमची, त्याची तारीख १९ नोव्हेंबर २०२६, सुरुवातीला फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून त्याच मालिकेतला व्हाइस सिटी खेळलेल्या आमच्या पिढीला त्याच शहरात परत जायचंय. त्यासाठी कन्सोलचे पैसे आतापासून बाजूला टाकतोय.