गृहकर्जाचे ओव्हरड्राफ्ट खाते: चार वर्षांच्या वापरानंतरचा हिशेब

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आम्ही सदनिका घेतली ती ऑगस्ट 2021 मध्ये. 40 लाखांच्या कर्जासाठी बँकेने आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले: साधे गृहकर्ज 7 टक्के दराने, किंवा त्याच रकमेचे ओव्हरड्राफ्ट खाते, ज्याचा दर पाव टक्का अधिक. आम्ही दुसरा पर्याय निवडला. असे खाते बऱ्याच बँका निरनिराळ्या नावांनी देतात. स्टेट बँकेचे ‘मॅक्सगेन’ हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. आमचे खाते दुसऱ्या एका बँकेत आहे, आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे तिचे नाव लिहीत नाही.

साध्या गृहकर्जात हप्त्यापेक्षा जास्त पैसे भरले की ते मुद्दलात जिरतात. कर्ज तेवढे हलके होते, पण उद्या नड आली तर ते पैसे परत मागता येत नाहीत. ओव्हरड्राफ्ट खात्यात जास्तीची रक्कम खात्यावरच पडून राहते, व्याज मात्र ती वजा करून उरलेल्या रकमेवर रोजच्या रोज आकारले जाते. आज आमची आहरण मर्यादा, म्हणजे खात्यातून जास्तीत जास्त जेवढे कर्ज उचलता येते ती रक्कम, सुमारे 37 लाख आहे आणि खात्यात आमचे साडेचार लाख पडून आहेत, म्हणून व्याज साडेबत्तीस लाखांवर लागते. हे साडेचार लाख धनादेशाने किंवा मोबाइलवरून केव्हाही काढता येतात, आणि ज्या दिवशी काढले त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवर व्याज पुन्हा सुरू होते. मर्यादा स्वतः मात्र दरमहा हप्त्यातील मुद्दलाच्या भागाइतकी खाली उतरत जाते, आणि आपण किती पैसे ठेवले याच्याशी त्या उतरण्याचा संबंध नसतो. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचे खाते समजायला अवघड नाही. आम्हाला ती समजायला जवळजवळ वर्ष लागले.

भाड्याच्या घरात असताना आमच्या खर्चाला ठरलेली तारीख होती आणि ठरलेली रक्कम होती. स्वतःच्या घरात खर्च गठ्ठ्याने येतात. वर्षारंभी मिळकतकराचे बिल येते, आणि आपण स्वतः राहत असलेल्या घरासाठीची 40 टक्के सवलत मिळवायला महापालिकेचा पीटी-3 अर्ज वेळेवर दिलेला नसेल तर ते पाहून डोळे पांढरे होतात. सोसायटीचे देखभाल शुल्क दर तिमाहीला द्यावे लागते आणि ते थकले तर आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीला 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते. त्याच उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीसाठी) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी जमा व्हायला हवा, पण आमच्या सोसायटीत हा आकडा वर्षानुवर्षे सभेच्या वृत्तांतातच राहिला. परिणाम असा, की 2023 च्या पावसाळ्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायची वेळ आली तेव्हा निधी अपुरा पडला आणि प्रत्येक सदनिकेवर 42 हजारांची वर्गणी बसली. आम्ही ती या खात्यातून एका बैठकीत भरली. शेजारच्या काकांनी त्यासाठी मुदत ठेव मोडली आणि वर दंडाचे व्याज सोसले. आमचा खर्च म्हणजे त्या रकमेवर महिन्याला सुमारे 340 रुपये व्याज, तेही ती भरून काढेपर्यंत. अडीअडचणीसाठी घरात पैसा हाताशी हवा आणि तो निरुपयोगी पडूनही राहू नये, या दोन्ही गरजा हे खाते एकत्र भागवते. त्याची खरी किंमत इथे आहे.

आता फायद्याच्या आकड्यांकडे वळतो, कारण कर्ज देताना बँकेतल्या साहेबांनी आम्हाला ‘लाखो रुपये वाचतील’ असे सांगितले होते. या हिशेबात 2025 च्या उन्हाळ्यातल्या कपातीनंतरचा आमचा 8.75 टक्के दर धरला आहे. साधे कर्ज असते तर तो 8.50 टक्के असता. 37 लाखांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला 9,250 रुपये आम्ही या सोयीचे भाडे देतो. साडेचार लाख रुपये आम्ही अडीच टक्के देणाऱ्या बचत खात्यात ठेवले असते तर त्या तुलनेत हे खाते, भाडे वजा जाता, वर्षाला सुमारे 18,900 रुपये वाचवते. मात्र कोणी एवढी रक्कम बचत खात्यात ठेवत नाही, म्हणून खरी तुलना मुदत ठेवीशी करायला हवी. साडेसहा टक्क्यांची ठेव धरली, तर 20 टक्क्यांच्या करपट्टीत उपकरासह कर कापल्यावर हातात 5.15 टक्के उरतात. त्या हिशेबाने आमची वर्षाची निव्वळ बचत जेमतेम सात हजार रुपये होते. खात्यात सरासरी दोन लाख सत्तावन्न हजारांपेक्षा कमी रक्कम राहणार असेल, तर एवढ्याच कर्जावर हे खाते चक्क तोट्याचे आहे. पहिल्या वर्षी आमची सरासरी दीड लाखाच्या आसपास होती. म्हणजे बँकेने फायद्याचे म्हणून दिलेले खाते वापरून आम्ही ते वर्ष तोट्यात काढले, आणि खूश होतो.

पगार याच खात्यात जमा करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तोही मोजून पाहिला. 90 हजार रुपये सरासरी पंधरा दिवस खात्यात राहिले तर महिन्याला 325 रुपयांच्या आतच व्याज वाचते, म्हणजे वर्षाकाठी चार हजारांहूनही कमी. फुकट मिळतात तर घ्यावेत, एवढेच.

व्याजदराच्या चढउतारात मात्र या खात्याने आमची लाज राखली. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), बांधलेली आहेत. आम्ही कर्ज घेतले तेव्हा रेपो 4 टक्के होता. मे 2022 पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 वर पोहोचला. आमचा मूळ हप्ता 31,615 रुपयांचा होता. 9.75 टक्के दराने त्या वेळच्या मर्यादेवरचे एका महिन्याचे व्याजच साडेएकतीस हजारांवर जात होते. म्हणजे हप्ता तोच ठेवला असता तर मुद्दल जागचे हलले नसते आणि कर्ज कोणत्या पिढीत फिटेल हे सांगता आले नसते. बँकेने हप्ता सुमारे 37,900 केला आणि तसे कळवणारा एक एसएमएस पाठवला. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे बदल कर्जदाराला आधी समजावून सांगणे आणि हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड त्याला देणे बंधनकारक केले. आमचा एसएमएस त्याआधीचा. हप्ता एकदम सव्वासहा हजारांनी वाढला त्या वर्षी दोन महिने पत्नीची नोकरी नव्हती, आणि ते दोन हप्ते आम्ही या खात्यात आधी साठवलेल्या पैशांतून दिले. साध्या कर्जात आगाऊ भरलेले पैसे त्या दिवशी आमच्या उपयोगी पडले नसते.

याच खात्याने आमचे केलेले नुकसानही लिहायला हवे. मोबाइलवर खाते उघडले की वर मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध रक्कम’ दिसते आणि खाली बारीक करड्या अक्षरांत उणे चिन्हासह कर्जाचा आकडा. दिवाळी 2022 मध्ये आम्ही त्या हिरव्या आकड्याकडे पाहून 68 हजारांचा फ्रिज घेतला. जुना फ्रिज बंद पडलेला नव्हता. कर्ज काढून फ्रिज घेतो आहोत हे दोघांपैकी एकाच्याही मनात आले नाही, कारण खात्यात ‘आपले’ पैसे होते. खड्डा भरायला सात महिने लागले. त्यानंतर पत्नीने अप्पा बळवंत चौकातून एक लांब जमाखर्चाची वही आणली. तिच्या पहिल्या पानावर या साडेचार लाखांची वाटणी आहे: घरदुरुस्ती, मिळकतकर आणि सोसायटी, दवाखाना, सहा हप्त्यांची गंगाजळी. पैसे काढायचे झाले की कोणत्या रकान्यातून काढले हे लाल शाईने लिहायचे, आणि रकाना सापडला नाही तर काढायचे नाहीत. बँकेच्या अॅपमध्ये असे रकाने पाडण्याची सोय नाही. ती असती तर या खात्याला मी आणखी एक गुण दिला असता.

सेवेबद्दल बोलायचे तर शाखेत हे खाते समजणारा माणूस मिळणे हा नशिबाचा भाग आहे. एका अधिकाऱ्याने मला जास्तीची जमा रक्कम आयकराच्या 80सी कलमाखाली मुद्दल परतफेड म्हणून दाखवा असे सांगितले, जे साफ चूक आहे. परतफेड धरली जाते ती हप्त्यातल्या मुद्दलाच्या भागाचीच. मार्च 2024 चे व्याज प्रमाणपत्र प्रत्यक्ष आकारणीपेक्षा जास्त व्याज दाखवणारे निघाले, कारण संगणकाने ते पूर्ण मर्यादेवर काढले होते. ते दुरुस्त करून घ्यायला चार खेपा पडल्या. अजूनही वर्षाअखेरीस मी बारा महिन्यांचा खातेउतारा घेऊन ‘व्याज नावे’ अशा नोंदींची बेरीज हाताने करतो.

जास्तीची रक्कम ठेवल्याने व्याज घटते, मग करवजावट बुडते का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट दोन लाखांपर्यंतच आहे, आमचे व्याज अजूनही त्याहून बरेच अधिक आहे, आणि नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती वजावट मुळातच नाही. त्यामुळे हा प्रश्न इथेच सोडतो.

ज्या घरात दरमहा काही ना काही उरते, निदान तीन-साडेतीन लाख कायम हाताशी ठेवावेच लागतात आणि वही लिहिणारे एक तरी माणूस आहे, त्या घराने हे खाते जरूर घ्यावे. व्यावसायिकांना, ज्यांची कमाई एका महिन्यात भरपूर आणि पुढच्यात शून्य असते, ते पगारदारांपेक्षाही अधिक मानवेल. पण हप्ता भरून महिन्याचे दोन्ही टोक जेमतेम जुळत असतील, तर साधे कर्ज घ्यावे आणि दिवाळीचा बोनस आला की अंशतः परतफेड करावी; बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला त्यासाठी दंड लावता येत नाही. सही करण्यापूर्वी पाव टक्क्याचे हे भाडे पुढे कधी वाढू शकते का आणि साध्या कर्जात परतायचे झाल्यास शुल्क किती, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आम्ही विचारले नव्हते.

आमची एक तक्रार अजून खुली आहे. रेपो दरावर बँक जी जास्तीची टक्केवारी लावते, ती नव्या ग्राहकांसाठी आमच्यापेक्षा कमी आहे. आम्हालाही तीच लावावी म्हणून अर्ज दिला, त्याला तीन आठवडे झाले. काउंटरवरच्या बाईंनी पोच म्हणून अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला आहे आणि ‘वरून उत्तर येईल’ असे सांगितले आहे.